कोणीही धरेल असा चेंडू

मित्रांनो, मोजा म्हटला की त्याची जोडी असायलाच हवी, असं तुम्हाला वाटत असेल. मला जोडी नाही. मी जन्मलो तोच एकटा, आणि तोही डाव्या हातासाठी. मी एक जुना हातमोजा आहे, बेसबॉलचा, त्यातही कॅचरचा. क्रिकेटमध्ये यष्ट्यांमागे यष्टिरक्षक असतो ना, तसा बेसबॉलमध्ये कॅचर असतो. पिचर चेंडू फेकतो आणि फलंदाजाकडून हुकलेला प्रत्येक चेंडू माझ्या पोटात येऊन आदळतो. मुलं मला मिट म्हणतात. दिसायला मी टम्म फुगलेल्या पुरीसारखा आहे. माझा रंग एके काळी मधासारखा होता, आता तो चिंचेच्या कोळासारखा झाला आहे. त्याला कारण खोबरेल तेल, पण ते पुढे येईल.

मला कुठल्या कारखान्यात शिवलं ते आठवत नाही. जाड सुई आठवते, आणि वादी ओढून गाठ मारताना कानाशी झालेला करकर आवाज आठवतो. मी कोणाच्या कातड्याचा आहे, हे आमच्या घरातली नीता कधी विचारत नाही आणि मीही आपण होऊन सांगायला जात नाही. मला देव्हाऱ्याजवळ ठेवायचं नाही, एवढा तिचा दंडक आहे. तो मला मान्य आहे.

नीताचा नवरा शैलेंद्र, मूळचा पुण्याचा. संगणकाच्या कामासाठी कंपनीनं त्याला काही वर्षं अमेरिकेत धाडलं होतं. बरोबर त्याचा मित्र विक्रांत होता, मुंबईचा. दोघांनाही क्रिकेटचं वेड, आणि त्या गावात क्रिकेटचं नावही कोणी काढत नव्हतं. भुकेला माणूस पानात पडेल ते खातो, तसे हे दोघे बेसबॉल बघू लागले आणि बघता बघता पुरते नादावले. तिथून निघायच्या आठवड्यात शैलेंद्र एका दुकानात शिरला आणि मला घेऊन बाहेर आला. दुकानदारानं बजावलं होतं, याला नीट रुळवावं लागेल, नवा आहे तोवर हा दाराच्या फळीसारखा ताठ असतो. शैलेंद्रनं मान डोलावली, मला बॅगेत कोंबलं आणि दोघांना पुढची नोकरी मिळाली त्या सिंगापूरला आल्यावर कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिलं. तिथे मी कित्येक वर्षं पडून होतो.

पडून होतो, पण बहिरा नव्हतो. अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ झालेली असते. त्या वेळी तिकडचे सामने इथे टीव्हीवर चालू असतात. दर रविवारी विक्रांत सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या या फ्लॅटमध्ये हजर व्हायचा. नीताचे पोहे, टीव्हीवर सामना, आणि सामन्यापेक्षा मोठ्या आवाजात या दोघांचा वाद. वाद दर वर्षी एकच. या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू कोण? तिकडे दर वर्षी तसा किताब देतात. तो कोणाला मिळायला हवा यावरून इकडे सेंगकांगमध्ये दोन भल्या माणसांचे पोहे गार व्हायचे.

"शैल्या, आकडे बघ रे जरा," विक्रांत म्हणायचा. "होम रनवर होम रन मारतोय तो. चेंडू स्टेडियमबाहेर! अजून काय पाहिजे तुला?"

"त्याला संघातून काढ. दुसरा कोणीतरी मारेल," शैलेंद्र बाह्या सरसावायचा. "आता कॅचरला काढून बघ. पिचरला सुचायचं नाही काय टाकायचं ते. खूण करून सांगतो कॅचर. पिचर घाबरला तर सावरतो कॅचर. जमिनीत आपटलेला चेंडू छातीवर घेतो कॅचर. आणि पेपरात फोटो कोणाचा? मारणाऱ्याचा!"

"मग त्याला वेगळं बक्षीस काढ. सोशिक खेळाडू म्हणून."

"थट्टा नको. कॅचर म्हणजे घरातली आई आहे, विक्रांत. तिच्यावाचून पान हलत नाही आणि तिचं नाव घ्यायला कोणी नाही."

"मग त्या आईला एक कप चहा करून दे," स्वयंपाकघरातून नीताचा आवाज यायचा.

सोफ्याला टेकून जमिनीवर बसलेली गार्गी हे सगळं कान टवकारून ऐकायची. गार्गी म्हणजे शैलेंद्र-नीताची एकुलती एक. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, आणि दोन्हींच्या मधोमध तिची स्वतःची एक भाषा, शेवटी सिंगापुरी 'लाह' जोडणारी. एका रविवारी विक्रांत गेल्यावर ती खुर्चीवर चढली आणि तिनं मला खाली ओढलं. मी धपकन तिच्या डोक्यावर पडलो. तिनं डोकं चोळलं, मला हातात घातलं आणि विचारलं, "बाबा, हा कॅचरचा, राइट? मीच होणार कॅचर."

शैलेंद्रनं तिला उचलून घेतलं. "शाब्बास! माझी मुलगी शोभतेस खरी." मित्रांनो, हे तो घरात बोलला होता, दार लावलेलं असताना.

मला रुळवायला तेल लागतं एवढं गार्गीला ठाऊक होतं. कुठलं तेल, हे तिनं विचारलं नाही. आईची खोबरेलाची बाटली तिनं माझ्यावर पालथी केली आणि डोक्याला चोळावं तसं मला चोळलं. मग माझ्या पोटात चेंडू ठेवला, आईच्या जुन्या ओढणीनं मला करकचून बांधलं आणि गादीखाली घालून त्यावर खुशाल झोपली. शैलेंद्रनं कपाळाला हात लावला. "अगं, याचं वेगळं तेल मिळतं!" पण तेल पिऊन झालं होतं. मी काळवंडलो, मऊ पडलो, आणि माझ्या अंगाला नुकत्याच घातलेल्या वेणीचा वास येऊ लागला. पुढे मैदानावर मुलं नाक दाबून हसायची. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आता मी कोणाचा आहे ते डोळे मिटूनही कळत होतं.

मैदान आमच्या घरापासून एलआरटीनं, म्हणजे इथल्या छोट्या लोकल गाडीनं, थोड्याच स्टेशनांवर होतं. शैलेंद्र आणि विक्रांतनं ओळखीच्या मराठी घरांतली मुलं गोळा करून शनिवारचा संघ काढला. हळूहळू शेजारपाजारची चिनी आणि मलय मुलंही येऊ लागली. वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की सगळ्यांनी छपराखाली पळायचं, भोंगा थांबला की पुन्हा चिखलात. ते माझे सुखाचे दिवस होते. गार्गी उकिडवी बसायची, दोन पायांच्या मध्ये बोटांनी खूण करायची आणि मला पुढे धरायची. पिचर होता वरुण, चांगला उंच, पण मनानं भित्रा. समोरचा फलंदाज दांडगा असला की त्याचे चेंडू वाटेल तिकडे जायचे. मग गार्गी खेळ थांबवून त्याच्यापर्यंत चालत जायची.

"बॅटरकडे नको बघू," ती त्याला सांगायची. "फक्त माझ्या मिटकडे बघ, ओके? बाकीचं माझं काम."

आणि खरोखरच बाकीचं ती करायची. वरुणचे वेडेवाकडे चेंडू ती इतक्या अलगद झेलायची, की बघणाऱ्याला वाटे तो सरळच आला होता.

संघाची एक रीत होती. ती शैलेंद्रनंच पाडली होती. मोसम संपला की मैदानाजवळच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सगळी घरं जमायची. नीताचे बटाटेवडे असायचे, मुलांना मायलो, म्हणजे चॉकलेटचं थंड दूध. मग मोठ्यांपैकी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आपल्या मते सर्वांत मोलाचा खेळाडू कोण ते पटवून द्यायचं, अगदी रविवारच्या वादासारखं. शेवटी समितीनं निकाल सांगायचा. समितीत तिघं होते: शैलेंद्र, विक्रांत आणि रॅफल्स प्लेसला बँकेत नोकरी करणारी मीनल. दर वर्षी चषक जोरात मारणाऱ्यालाच मिळायचा.

"बाबा, कॅचरला का नाही?" गार्गीनं एकदा विचारलं होतं.

"आधी खरा कॅचर तयार होऊ दे आपल्याकडे," शैलेंद्र तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "तो झाला ना, की मी स्वतः उभा राहीन आणि सगळ्यांना सांगेन." गार्गीनं तो शब्द गाठीला बांधून ठेवला. तेव्हापासून ती अंगठा सुजला तरी कुरकुरली नाही.

मग तो मोसम आला. शेवटचा सामना होता, आणि आम्ही एका रनानं पुढे होतो. तो रन धवलचा. धवल म्हणजे निशिकांतचा मुलगा, चांगला रुंद खांद्यांचा. त्यानं चेंडू असा टोलावला होता की पलीकडच्या सायकलींच्या वाटेवर जाऊन पडला. आता शेवटचा गडी बाद केला की संपलं. पण त्यांचा एक धावपटू तिसऱ्या बेसवर, शेवटच्या थांब्यावर, टपून बसला होता. चेंडू कॅचरच्या मागे गेला की तो घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, धावणार आणि बरोबरी होणार. वरुण पुन्हा फलंदाजाकडे बघत राहिला. त्याचा चेंडू वाटेतच जमिनीत आपटला आणि वेडावाकडा उसळला. गार्गीनं मला जमिनीला टेकवलं आणि स्वतःला माझ्यावर झोकून दिलं. चेंडू तिच्या दंडावर बसला, तिथून छातीवरच्या पॅडवर, आणि आमच्या पुढ्यात पडून गपगार झाला. धावपटू मुकाट्यानं मागे फिरला. गार्गी उठली, चेंडू पुसला, वरुणला परत दिला आणि म्हणाली, "गुड. वन मोअर." पुढच्या चेंडूवर गडी बाद झाला.

सगळी मुलं धवलकडे आणि वरुणकडे धावली. गार्गी एकटी बसून पॅड सोडत होती. तिच्या दंडावर चेंडूची शिवण उमटली होती. घरी येताना एलआरटीत शैलेंद्र तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आजचा सामना तू जिंकून दिलास. कोणाला कळलं नसेल, मला कळलं." गार्गीनं मला छातीशी घट्ट धरलं. तिचं काळीज कसं उडत होतं, ते मी जवळून ऐकलं.

चषकाच्या दिवशी तिनं मला पुसून, पुन्हा थोडं खोबरेल लावून नेलं. वड्यांच्या टेबलापाशी निशिकांत भेटला. हा माणूस मनानं वाईट नाही; फक्त त्याच्या जिभेला हाड नाही. प्लेटमध्ये चटणी वाढून घेत तो हसत म्हणाला, "काय शैलेंद्र, यंदा घरच्या घरीच का? समिती तुझी, कॅचर तुझी!"

आजूबाजूचे हसले. शैलेंद्रही हसला, पण त्यानं हातातला वडा प्लेटमध्ये परत ठेवला. मित्रांनो, आमच्या या माणसांना तुम्ही आळशी म्हणा, कंजूष म्हणा, ते मनावर घेणार नाहीत. पण 'आपल्या माणसाची वर्णी लावली' एवढं म्हणा, की त्यांची झोप उडते. आपल्या मुलांना घरात डोक्यावर घ्यायचं आणि बाहेर कोणी कौतुक केलं की 'कसली हो हुशार, सारखी उंडारत असते' असं म्हणायचं, हे त्यांना सभ्यपणाचं वाटतं. त्या सभ्यपणाचा त्या दिवशी मला चांगलाच अनुभव आला.

पहिला विक्रांत उभा राहिला. "मी जन्मभर मारणाऱ्यांची बाजू घेत आलो," तो म्हणाला. "पण तो चेंडू जमिनीत आपटला तेव्हा मी अगदी जवळ होतो. तो चेंडू मागे गेला असता तर धवलचा होम रन वाया होता. यंदा मी हरलो, शैल्या, तू बरोबर होतास. माझ्या मते चषक गार्गीचा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. वरुण तर टाळ्या वाजवायलाही लागला. गार्गी अगदी पुढे बसली होती, मी तिच्या हातात होतो. शैलेंद्र उठला, तशी तिची बोटं माझ्या आत ताठ झाली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आता होणार होतं.

"विक्रांत जरा भावुक झालाय," शैलेंद्र म्हणाला. "घरच्यासारखी मुलगी, म्हणून कौतुक करतोय. पण खरं सांगायचं तर प्रश्नच नाही. धवल."

"अरे, दर रविवारी तूच तर सांगतोस, की कॅचर..." विक्रांत मध्येच म्हणाला.

"ते टीव्हीवरचं रे! ते मोठे खेळाडू. इथे आपल्या मुलांच्या खेळात कॅचर काय करतो? समोर आलेला चेंडू धरायचा, दुसरं काय?" आणि बोलता बोलता तो पुढे आला, त्यानं गार्गीच्या हातातून मला काढून घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हा बघा. हे एवढं मोठं घमेलं हातात असलं, की कोणीही धरेल!"

व्हॉइड डेक हसण्यानं भरून गेला. मी वर लटकत होतो. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो, की हे खोटं आहे हो! मी मोठा आहे, कबूल. पण चेंडू मी धरत नाही. माझ्या आतला हात योग्य वेळी मिटला नाही तर चेंडू माझ्या पोटातून उडून बाहेर जातो. हे शैलेंद्रला कळत नव्हतं असं नाही. त्यानंच तर ते गार्गीला शिकवलं होतं. ज्या हातानं त्यानं मला विकत घेतलं त्याच हातानं त्यानं माझी साक्ष काढली, तिच्याविरुद्ध. केसानं गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"स्वतः वडीलच म्हणतायत, तर मग काय बोलणार," मीनल म्हणाली, आणि चषक धवलला गेला. धवलनं तो घेताना एकदा गार्गीकडे पाहिलं. तिनं टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवायच्या त्या हातांचा आवाज मला बारीक वाटला. निशिकांतनं शैलेंद्रचा हात हातात घेतला. "मानलं तुला! पोटच्या पोरीच्या बाबतीतही निःपक्षपाती." दोन-चार जणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. खरं बक्षीस त्या दिवशी शैलेंद्रच घेऊन गेला.

आम्ही घरी आलो. फ्लॅटचं दार लागलं, तसा शैलेंद्रच बोलू लागला.

"हे बघ, राग आला असेल तुला. पण समितीत मी. तुला चषक दिला असता तर लोकांनी काय काय म्हटलं असतं! आणि चारचौघांत आपणच आपल्या मुलीचं कौतुक करायचं नसतं, बाळा. बरं दिसत नाही ते."

"मला नको कप," गार्गी म्हणाली. "धवलला दे, आय डोन्ट माइंड लाह. ही इज गुड. पण तू गप्प बसायचं ना, बाबा. व्हाय मस्ट से, कोणीही धरेल?"

शैलेंद्र चपला काढून ठेवू लागला.

"विक्रांतकाका बोलले, तूच फक्त नाही बोललास असं असतं तरी चाललं असतं. पण तू मिट घेऊन दाखवलास. माझा मिट. सगळे हसले."

"ती बरोबर बोलतेय, शैलेंद्र," नीता म्हणाली.

"मोठी झाली की कळेल तिला," असं पुटपुटत तो आतल्या खोलीत गेला. गार्गीनं मला उचललं. मला वाटलं, आता नेहमीसारखं पुसून उशाशी ठेवेल. तिनं बॉम्ब शेल्टरचं जाड दार ओढलं आणि मला आत, सुटकेसांच्या मागे सारून दिलं.

आमच्याकडच्या प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये ही एक खिडकी नसलेली खोली असते. बॉम्ब कधी पडत नाहीत, म्हणून लोक तिथे अडगळ ठेवतात. माझ्या एका बाजूला दिवाळीचा आकाशकंदील होता आणि दुसऱ्या बाजूला गणपतीचं मखर. मखराचा कोपरा आडवा येत असल्यामुळे दार पुरतं लागायचं नाही, तेवढ्या फटीतून मला घर ऐकू यायचं. इथली हवा दमट. थोड्याच दिवसांत माझ्या वाद्यांवर पांढरी बुरशी धरली. रविवार पुन्हा आला. टीव्ही लागला. शैलेंद्रनं सवयीनं सुरुवात केली, "यंदा मात्र तो कॅचर..."

"हे तू मला नको सांगूस," विक्रांत म्हणाला.

त्यानंतर त्या घरात वाद कधी रंगला नाही. विक्रांतचे रविवारही हळूहळू कमी झाले. गार्गी शाळेच्या नेटबॉलच्या संघात जाऊ लागली. त्या खेळात मोजा लागत नाही, हे मला नीताच्या फोनवरच्या बोलण्यातून समजलं.

पुढच्या मोसमात संघाचे हाल कुत्रा खाईना. कॅचर म्हणून आज हा, उद्या तो. चेंडू मागे जायचे, धावपटू आरामात घरी यायचे, वरुण रडकुंडीला यायचा. अखेर शैलेंद्रनं मला शेल्टरमधून बाहेर काढलं. त्यानं माझी बुरशी मनापासून पुसली. परदेशातून मागवलेलं खास तेल त्यानं माझ्या शिवणीशिवणीत जिरवलं. अंग मऊ झालं, वाद्या चमकल्या. पण त्या तेलानं खोबरेलाचा वास पार धुऊन नेला. पश्चात्ताप करतानाही माणूस आपल्याच पसंतीचं तेल वापरतो, हे मला तेव्हा समजलं.

त्या शनिवारी सरावाला कॅचर कोणीच नव्हता, म्हणून शैलेंद्र स्वतः मला हातात घालून बसला. नीता वड्यांचे डबे घेऊन आली होती, आणि ते उचलायला तिनं गार्गीला बरोबर आणलं होतं. वरुणच्या हातात आता चांगला जोर आला होता. त्याचा पहिला चेंडू माझ्या कडेला लागून शैलेंद्रच्या नडगीवर बसला. दुसरा माझ्या पोटात आला, पण आतली बोटं मिटायच्या आधीच बाहेर उडाला. तिसरा आम्हा दोघांना चकवून थेट मागच्या जाळीवर गेला. शैलेंद्र नडगी धरून खाली बसला.

"काय रे शैल्या," विक्रांत लांबून म्हणाला. तो हसत नव्हता. "कोणीही धरेल ना?"

सगळे वळून बघू लागले. निशिकांत होता, मीनल होती, वरुण, धवल, सगळी मुलं होती. गार्गी डबा हातात घेऊन उभी होती. मला वाटलं, आता तो म्हणेल. एकच वाक्य हवं होतं. त्याचा श्वास आत ओढला गेला, तो मला मनगटाशी जाणवला.

"वय झालं रे बाबा!" शैलेंद्र म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "गुडघे बोलायला लागले आता!"

सगळे हसले. खेळ पुढे सुरू झाला.

पाणी प्यायला सगळे थांबले, तेव्हा गार्गी बाकावर माझ्याजवळ आली. तिनं मला उचललं आणि नाकाशी नेलं. "वास गेला," ती एवढंच म्हणाली. मग तिनं आत हात घातला. मित्रांनो, तिची बोटं वर्षभरात लांब झाली होती, तरी एकेक बोट आपापल्या जागी बरोबर गेलं. क्षणभर तिनं मला मिटलं आणि उघडलं. मी श्वास रोखून होतो. तिनं हात काढून घेतला आणि मला शैलेंद्रच्या पिशवीवर ठेवून दिलं.

परतताना एलआरटीत गर्दी होती. शैलेंद्र आणि गार्गी एकाच दांड्याला धरून उभे होते, मी दोघांच्या मध्ये लटकणाऱ्या पिशवीत. पलीकडच्या दाराशी निशिकांत आणि मीनल गप्पा मारत होते. शैलेंद्र खाली वाकला आणि गार्गीच्या कानाशी पुटपुटला, "त्या दिवशी मी चुकलो. तुझ्यासारखा कॅचर आपल्याला पुन्हा मिळाला नाही."

गार्गीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनंतीच होती.

"मोठ्यानं म्हण ना, बाबा."

शैलेंद्रनं मान वर केली. त्याची नजर दाराकडे गेली. निशिकांतनं त्याला बघून हात हलवला, त्यानंही हलवला.

"घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

गार्गी खिडकीकडे वळली. पुढच्या स्टेशनच्या नावाची घोषणा झाली, दारं उघडली, माणसं उतरली आणि चढली. घरी गेल्यावर शैलेंद्रनं टीव्ही लावला आणि गार्गी आपल्या खोलीत गेली.

आता मी संघाच्या सामायिक पिशवीत असतो. ज्याची पाळी असेल तो मला घालतो. माझी काळजी कशी घ्यायची ते सांगायला मी खरं तर बसलो होतो: मला ओलं ठेवू नका, अंधारात कोंडू नका, वापरून झालं की पोटात चेंडू ठेवून बांधा. तेवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेन. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी छान खेळत असेल, कोणी तुमच्या शब्दावर विसंबून दंड काळानिळा करून घेत असेल, तर त्याचं कौतुक दार लावून करू नका. चारचौघांत करायला जीभ रेटत नसेल, तर निदान तेव्हा गप्प बसा. जे चारचौघांत मोडलं ते कानात कुजबुजून जुळत नाही. मी ते जुळवायचा प्रयत्न पिशवीतून ऐकला आहे.

गार्गी अजून कधी कधी डबे घेऊन मैदानावर येते. ती आली, की शैलेंद्र जरा मोठ्यानं बोलतो: हवेबद्दल, वड्यांबद्दल, रविवारच्या सामन्याबद्दल. मी पिशवीतून कान देऊन ऐकत असतो. ते वाक्य अजून आलेलं नाही.